शाळा नऊची, झोप किती वाजताची?

सातची शाळा असली की साडेपाचपासून घरात धांदल: पेंगणारं मूल, अर्धवट राहिलेलं दूध आणि खाली हॉर्न वाजवणारे रिक्षावाले काका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी आदल्याच डिसेंबरात तशी सूचना केली होती. निर्णय योग्यच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांकडे जादा खोल्या नाहीत, आणि आठला कामावर निघणाऱ्या आईबाबांनी मुलाला तासभर ठेवायचं कुणाकडे?

पण रात्रीची वेळ कोणताही सरकारी आदेश ठरवू शकत नाही. दहाला जेवण, मग मालिका, मग मोबाइल. शाळा उशिरा म्हणून झोपही अकरावर ढकलली, तर मिळवलेले दोन तास तिथेच संपतात. याचा दोष एकट्या आईवर टाकणं मात्र सरळ अन्याय आहे. विरारची लोकल पकडून ती साडेआठला घरी पोचते. तोवर कुकर लावणं, दप्तर भरून घेणं बाबांना किंवा आजोबांना सहज जमेल.