लॅबवाल्यांना आयटीत ढकलणं बंद करा

दरवर्षी निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच चालीचे मेसेज येतात. कुणाची मावसबहीण, कुणाचा भाचा. बीपीएमटी किंवा बी.एस्सी. एमएलटी झालेली असते, म्हणजे मेडिकल लॅबच्या कामाची पदवी हातात असते. आणि प्रश्न असतो, "दादा, आयटीत काही होईल का?"

होतं की. पण मेडिकलची पदवी घेतलेल्या पोरांवर हा प्रश्न विचारायची वेळ का येते, यावर कुणी भांडत नाही. मी भांडणार आहे. मी इंजिनिअर आहे आणि काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे: या पोरांना क्षेत्र बदलण्याची गरज नाही. त्यांच्या क्षेत्राला नोंदणी, नाव आणि पगार मिळण्याची गरज आहे.

आधी हे काम काय असतं ते बघा. समजा तुमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ९ आलं. नॉर्मल असतं साधारण ३.५ ते ५. आमचं सॉफ्टवेअर तो आकडा लाल करतं, क्रिटिकल म्हणून अलर्ट पाठवतं. आकडा खरा असेल तर हृदय बंद पडू शकतं. पण अनुभवी टेक्निशियन आधी कॅल्शियम बघते. तेही अचानक तळाला गेलेलं असेल तर तिला वेगळाच संशय येतो: जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणीतरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, बहुतेकदा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. त्यानं पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम कमी. पेशंटला काही झालेलं नसतं, सॅम्पल बिघडलेलं असतं. ती रिपोर्ट अडवते आणि नवीन सॅम्पल मागवते.

आज हा नियम आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण तो आम्हाला गुगलवर सापडला नाही. एका लॅबमधल्या ताईंनी दुपारचा डबा बाजूला ठेवून तो आम्हाला समजावला. त्यांचा पगार आमच्या टीममधल्या फ्रेशरपेक्षा कमी होता.

"हल्ली सगळं मशीनच करतं" असं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी सातला लॅबमध्ये जावं. पेशंटचं पहिलं सॅम्पल लावण्याआधी कंट्रोल लावावे लागतात, म्हणजे ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी सॅम्पल. त्यांचं उत्तर चुकलं तर मशीन कितीही महागडं असो, रिपोर्ट सोडायचा नाही. बाहेर नाश्ता न करता आलेल्या लोकांची रांग वाढत असते, मालक चिडलेला असतो, आणि 'नाही' म्हणायचं असतं पंचविशीतल्या एका टेक्निशियनला. हे बटण दाबण्याचं काम नाही. २०२० च्या जानेवारीत देशातला पहिला कोविड रुग्ण पुण्याच्या एनआयव्हीतल्या तपासणीतून पक्का झाला. पुढची दोन वर्षं आपण सगळे 'आरटीपीसीआर' हा शब्द घोकत होतो. ती टेस्ट करत कोण होतं, हे किती जणांनी विचारलं?

मग पगार इतका कमी का? कारण बाजाराला माहीत आहे की पदवीवाला नाही म्हणाला तर बिनपदवीचा मिळतो. हे थांबवण्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला. लॅबपासून रेडिओलॉजीपर्यंतच्या कामांसाठी राष्ट्रीय आयोग, राज्यांत परिषदा, नोंदणीपुस्तक. त्या कायद्याप्रमाणे आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं शिक्षण लागतं. कागदावर उत्तम. पण राज्यं इतकी ढिम्म राहिली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना अंमलबजावणी करा म्हणून सांगावं लागलं.

सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये सांगितलं होतं की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. मला ते पटतं. पण सही कुणाची हे ठरवताना आपण जितके काटेकोर आहोत, तितके टेस्ट कुणी करायची याबाबत का नाही? ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे 'लॅबवाला' एवढं पुरतं.

या पोकळीत क्लासवाले घुसलेत. सहा महिन्यांत डेटा सायन्स, प्लेसमेंटची शंभर टक्के हमी. ज्या बापाने शेतातल्या पैशातून चार वर्षं शिकवलं, त्याच्याकडून आणखी लाखभर काढायचे. आणि आयटीत फ्रेशरची भरती कशी आटलीय, ते माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

कोडिंग मनापासून आवडत असेल तर जरूर या, जागा करून देऊ. पण पळून येत असाल तर आधी आपल्याच घरातले दरवाजे उघडून बघा. एम.एस्सी. करून मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत खोल जाता येतं, पुढे शिकवता येतं. सीएसआयआर नेट आणि गेटच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरमधून संशोधनाची वाट निघते. लोकांच्या आरोग्याचं काम करायचं असेल तर एमपीएच आहे, मुंबईत टिसमध्येही आहे. एनएबीएलची मान्यता हवी असलेल्या लॅबला आयएसओ १५१८९ समजणारी माणसं लागतात. मशीन विकणाऱ्या कंपन्यांना ती मशीन लॅबमध्ये चालवून दाखवणारे लागतात. आणि आमच्यासारख्यांना, चुकीचा अलर्ट कुठला हे सांगणारं कुणीतरी टीममध्ये हवंच असतं. त्यासाठी जावा यायची गरज नाही, पोटॅशियम कळायची आहे.

पण हे दरवाजे दाखवून व्यवस्थेची सुटका होत नाही. सगळेच क्वालिटी मॅनेजर झाले तर सकाळी सातला कंट्रोल कोण लावणार? बेंचवर उभं राहणाऱ्या माणसालाही त्याच जागी दहा वर्षांनी नीट घर चालवता आलं पाहिजे. त्यासाठी राज्याची परिषद नुसती कागदावर नको, चालती हवी. नोंदणी नसलेल्या माणसाला टेस्टला हात लावता येऊ नये. आणि रिपोर्टवर डॉक्टरांच्या सहीबरोबर टेस्ट करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापला जावा. ही शेवटची गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये करायला फार तर एक दुपार लागेल. मी स्वतः करून देतो, कुणीतरी सक्ती तर करा.