भूक इथली, आराखडा तिथला

साथींनो,

मागच्या महिन्यात एक कागद आपल्या हाती लागला. सातपुड्यातल्या आपल्या पाड्यांमध्ये कुपोषण, पिण्याचं पाणी आणि टंचाईतली मदत असा तीन वर्षांचा कार्यक्रम एक मोठी संस्था करणार आहे, त्या कार्यक्रमाचा हा आराखडा. संस्थेचं नाव इथे देत नाही. हीच पद्धत पुष्कळांची आहे, म्हणून एकट्या तिला धरून काही उपयोग नाही. साठ पानं, सगळी इंग्रजीत. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनी दोन रात्री जागून तो वाचला आणि बैठकीत भिलीत नि पावरीत समजावून सांगितला. ऐकताना आधी हसू आलं, मग राग आला आणि शेवटी भीती वाटली. तिन्ही कशामुळे ते सांगतो.

हसू आलं ते असं. हा आराखडा लिहिणारा सल्लागार इकडे आलेलाच नाही. संस्थेने त्याला नेमताना कामाच्या अटी लिहून दिल्या होत्या, त्या कागदाच्या शेवटी जोडल्या आहेत. पंचवीस दिवसांचं काम, घरी बसून करायचं, प्रवासाची गरज नाही. जुने अहवाल ई-मेलने येतील, ऑफिसातल्या लोकांशी फोनवर बोलायचं. त्याप्रमाणे त्याने लिहिलं. चाळिसाव्या पानावर टंचाईमुळे होणाऱ्या नुकसानीची यादी आहे, त्यात बोटी आणि जाळी आहेत! डोंगरमाथ्यावरच्या आपल्या पाड्यांत कुणाच्या घरी बोट बांधलेली आहे? कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या गावांसाठी लिहिलेली पानं गावांची नावं बदलून इकडे लावली, हे उघड आहे. म्हातारी माणसं पोट धरून हसली.

पण पुढचं पान वाचलं आणि हसू थांबलं. लहान मुलांच्या आयांना आहाराचं शिक्षण द्यायचं, दर पाड्यात आठवड्याला एक वर्ग, जानेवारी ते मार्च. कारण काय, तर शेतीची कामं तेव्हा संपलेली असतात आणि बायांना वेळ असतो.

बायांना वेळ असतो! दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं त्यात भरून गुजरातेत ऊसतोडीला जातं. होळीला चार दिवस येतात, ढोल वाजवतात आणि कारखाना बंद होईपर्यंत परत जातात. जानेवारीत पाड्यात कोण असतं? म्हातारी माणसं आणि ज्यांना चालवत नाही ते. ज्या पोराचं वजन वाढवायचं आहे, ते पोर त्या वेळी उसाच्या फडात चिपाडाच्या झोपडीत असतं. वर्ग कुणाचा घेणार? ही गोष्ट पाड्यातल्या कुठल्याही दहा वर्षांच्या पोरीने सांगितली असती. तिला विचारायला एक दिवस आणि एसटीचं तिकीट पुरलं असतं.

आता मूळ मुद्दा. या आराखड्यात लॉगफ्रेम नावाचा एक चौकटींचा तक्ता आहे. पैसा देणाऱ्या जवळजवळ सगळ्या परदेशी संस्था हा तक्ता मागतात. १९६९ साली अमेरिकेच्या सरकारी मदत-खात्यासाठी तिथल्या एका सल्लागार कंपनीने तो तयार केला. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याला दूरच्या देशातलं काम एका नजरेत दिसावं, यासाठी तो होता. पहिल्या रकान्यात हेतू, दुसऱ्यात मोजमाप, तिसऱ्यात पुरावा कुठून आणायचा ते. चौथा रकाना गृहीतकांचा, म्हणजे ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत आणि ज्या ठीक होतील असं धरून चालायचं, त्यांचा. आपल्या आराखड्यात या चौथ्या रकान्यात दोन ओळी आहेत. एक: स्थलांतर वाढणार नाही. दोन: जमिनीच्या मालकीचा प्रश्न कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर आहे.

साथींनो, या दोन ओळींत आपली सगळी भूक आहे. नेवाडाच्या दोन-तीन एकरांत ज्वारी, मका, उडीद पिकतो. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं कर्ज नाही. विहीर मंजूर होत नाही. बांध घातला तर गार्ड येतो आणि अवजारं उचलून नेतो. म्हणून धान्य वर्षभर पुरत नाही, म्हणून मुकादमाची उचल घ्यावी लागते, म्हणून कोयता, म्हणून पोराचे हाल. ही साखळी आपण प्रत्येक मोर्चात सांगितली आहे. सल्लागाराने साखळीची शेवटची कडी पहिल्या रकान्यात घेतली आणि पहिली कडी कक्षेबाहेर टाकली. आता तीन वर्षं पोरांची वजनं घेतली जातील, तक्ते भरले जातील, आणि ज्यामुळे वजन घटतं त्याबद्दल कुणी ब्र काढणार नाही. कारण ते कक्षेत नाही! ही कक्षा कुणी आखली? पंचवीस दिवस घरी बसलेल्या एका माणसाने, आणि ती आखून मागणाऱ्या ऑफिसाने.

आणि भीती कशाची? आठव्या पानावर लिहिलं आहे की इथली बहुतेक कुटुंबं अतिक्रमित वनजमिनीवर शेती करतात. हा शब्द वनखात्याच्या अहवालातून जसाच्या तसा उचलला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित काही वाईट नसेल. पण या आराखड्याची प्रत कलेक्टर ऑफिसात गेली आहे, वनखात्यालाही गेली आहे. आपले वैयक्तिक आणि सामूहिक दावे उपविभागीय समितीपुढे पडून आहेत. उद्या तिथला साहेब म्हणेल, तुमच्यासाठी काम करणारी संस्थाच तुम्हांला अतिक्रमणदार म्हणते, मग आम्ही वेगळं काय म्हणतो?

२००६ चा वनहक्क कायदा उघडून बघा. त्याच्या प्रास्ताविकातच लिहिलं आहे की वनात राहणाऱ्यांचे हक्क नोंदले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम ४(५) सांगतं की दाव्याची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येणार नाही. २००८ च्या नियमांतला नियम १३ पुराव्यांची यादी देतो. त्यात सरकारी कागद आहेत, आणि गावातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा आहे. संसदेने केलेला कायदा आपल्या आजाचा शब्द पुरावा मानतो. आपल्या भल्यासाठी आराखडा करणाऱ्याला मात्र एकाही आजाला भेटावंसं वाटलं नाही.

संस्थेचे लोक भले आहेत, असं काही साथी म्हणाले. असतील. त्यांचं म्हणणंही ऐकून घेतलं. ते म्हणतात, पैसा देणाऱ्यांची मुदत जवळ आली होती, कागद इंग्रजीत हवा होता, असं लिहिणारा माणूस तालुक्यात मिळत नाही. यातलं काही खोटं नाही. आपणही कोर्टाचा अर्ज शहरातल्या वकील मित्राकडून लिहून घेतो. मग आपण कुठे वेगळे? वेगळे इथे की तो अर्ज बैठकीत वाचला जातो, भिलीत सांगितला जातो, चूक असेल तिथे आपण थांबवतो. एकदा वकिलाने सवयीने 'अतिक्रमण' लिहिलं होतं, ते एका बाईने उठून खोडायला लावलं. आणि कबूलही करू: एकदा घाईत न वाचता अर्ज दिला, तेव्हा दोन गावांचे गट नंबर उलटे पडले आणि वर्षभर हेलपाटे घातले. शहाणपण तिथूनच आलं. बाहेरच्या माणसाने लिहायला आपली ना नाही. लिहिणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि हे आपण नवीन काही मागत नाही. रेडक्रॉस आणि इतर मोठ्या मदत संस्थांनी १९९४ साली स्वतःच दहा कलमांची आचारसंहिता मान्य केली. त्यातलं सातवं कलम सांगतं की ज्यांना मदत करायची त्यांना मदतीच्या कारभारात सामील करून घेण्याचे मार्ग शोधायचे. नववं सांगतं की पैसा देणारे आणि मदत घेणारे, दोघांनाही संस्था जबाबदार राहील. या आराखड्यासाठी पैसा देणाऱ्यांबरोबर चार बैठका झाल्या, हे त्यातच लिहिलं आहे. आमच्याबरोबर किती झाल्या?

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे बाहेरचे जाणकार पूर्वीपासून येत, पण गावाच्या अभ्यासगटात बसून बोलत. निर्णय ग्रामसभा करी, तोही सर्वसहमतीने. जाणकाराची जागा तिथे होती, आणि गावाचीही.

म्हणून आपल्या मागण्या:

१. आराखडा लिहिणाऱ्याने स्वतः यावं, दिवाळीच्या आधी, लोक घरी असताना. निदान पाच पाड्यांत मुक्काम करावा, ग्रामसभेत बसावं.

२. आराखड्याची मराठी प्रत प्रत्येक ग्रामसभेला द्यावी. तो आपल्या बोलीत वाचला जावा आणि हरकती ग्रामसभेच्या वहीत नोंदल्या जाव्यात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काम सुरू होऊ नये.

३. 'अतिक्रमण' हा शब्द काढून दुरुस्त प्रत, जिथे जिथे पहिली गेली तिथे तिथे, संस्थेच्या सहीच्या पत्रासह पाठवावी.

४. जमिनीचा प्रश्न चौथ्या रकान्यातून उचलून पहिल्यात घ्यावा. वर्ग आणि पोषण ऊसतोडीच्या तळांवरही न्यावं.

५. आराखडा लिहायला किती पैसे गेले आणि पोराच्या ताटात किती जाणार, हा हिशेब फळ्यावर लिहावा.

आणि आपलं काम? नुसत्या हरकती घेऊन भागणार नाही. प्रत्येक पाड्याने आपली यादी करावी: कोण कोण ऊसतोडीला जातं, धान्य कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, पाणी कुठलं आटतं, कुठलं पोर आजारी आहे, कुणाचा दावा कुठे अडला आहे. पोरं लिहितील, म्हातारे सांगतील. चुका होतील, पण त्या दुरुस्त करायला आपण इथेच आहोत. पुढच्या बाजाराच्या दिवशी या याद्या घेऊन ऑफिसवर या. दंडाच्या जुन्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्याही आणाव्यात. मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. तिथून सगळे मिळून संस्थेच्या कार्यालयात जाऊ आणि हे पत्रक त्यांना वाचून दाखवू.

जिंदाबाद!