दुसऱ्या किल्लीचा मालक

'पत' हा मराठीतला मोठा अर्थगर्भ शब्द आहे. पत असते, राहते, जाते. ती कमावताही येते आणि घालवताही येते. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा हे शब्द त्यातूनच घडले. माणसाला ओळखणारी चार माणसे आसपास आहेत, त्यांनी त्याचे वागणे पाहिले आहे आणि त्या पाहण्यातून एक मत तयार झाले आहे, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. अलीकडे आमच्या वर्गांत आणि वर्गांबाहेर हा शब्द क्वचितच कानी पडतो. त्याच्या जागी 'माझे सिबिल खराब आहे' हे वाक्य आले आहे. २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे आद्याक्षरी नाव पंचवीस वर्षांत सामान्यनाम झाले. माणसाची पत तीनशे ते नऊशे यांमधल्या एका आकड्यात सांगितली जाऊ लागली आणि तो आकडा पाहण्यासाठी माणसाला ओळखण्याची गरज उरली नाही.

ज्यांचा आकडा कमी भरतो, किंवा ज्यांना आकडाच नाही, ते कोठे जातात, याचे एक उत्तर सिन्नरसारख्या गावात रस्त्याच्या कडेलाच मिळते. नाशिक-पुणे मार्गावर आणि शिर्डीच्या रस्त्याला जुन्या गाड्या विकणाऱ्यांची मैदाने दिसतात. ओळीने लावलेल्या, पुसून चकचकीत केलेल्या मोटारी, पिकअप, 'छोटा हत्ती' आणि वर फलक : 'सिबिलची अट नाही', 'जागेवर फायनान्स'. यांतले सगळेच विक्रेते स्वतः पैसे देत नाहीत. बरेचजण एखाद्या वित्तसंस्थेचा माणूस तेथेच बसवतात. काही मात्र गाडीही आपली आणि उधारीही आपली, अशा रीतीने व्यवहार करतात. या लेखात आम्हांला बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

तेथे जाणारा ग्राहक ऐषआरामासाठी जात नाही. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतला कंत्राटी कामगार असतो. त्याच्याजवळ पगाराची पावती नसते, असली तरी दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदललेला असतो. तालुक्याच्या कोरड्या पूर्व भागातला शेतकरी असतो. कांद्याचा भाव कोसळलेल्या वर्षी त्याचे पीककर्ज थकलेले असते. कधी थकबाकी भावाची असते आणि हा केवळ जामीनदार असतो, तरी डाग दोघांच्याही नोंदीवर पडतो. यांना गाडी हवी असते ती कामासाठी. भाजीपाला नाशिकच्या बाजार समितीत पहाटे पोचवायचा, कंपनीत दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर व्हायचे, किंवा भाड्याने चालवून चार पैसे मिळवायचे.

असाच एक आमचा माजी विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून मराठी घेऊन बी. ए. झाला. नोकरी लागली नाही, म्हणून जुनी पिकअप घेऊन मालवाहतूक सुरू केली. गेल्या वर्षी तो आपले कागद घेऊन आमच्याकडे आला. आम्ही मराठीचे लोक. आकडेमोडीसाठी गणिताच्या सहकाऱ्यांना बोलावले. त्याच्या संमतीने तो हिशेब येथे मांडतो, कारण या विषयाचे मर्म त्या हिशेबातच आहे.

गाडीची रोखीची किंमत सांगितली गेली ३,२०,००० रुपये. हप्त्याने घ्यायची तर ३,६०,०००. त्याने ९०,००० रोख भरले. उरलेल्या २,७०,००० वर 'दीड टक्का महिना' व्याज, मुदत तीस महिने. व्याज १,२१,५००, म्हणजे एकूण ३,९१,५०० आणि दरमहा हप्ता १३,०५० रुपये. विद्यार्थ्याची समजूत अशी, की आपण वर्षाला अठरा टक्क्यांनी पैसे घेतले. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारले होते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला, तर दर वर्षाला सुमारे एकतीस टक्के निघतो. शिवाय हप्त्याच्या गाडीची वाढवलेली ४०,००० रुपयांची किंमत हेही वस्तुतः व्याजच. ते धरले, म्हणजे रोखीच्या किमतीतून त्याने भरलेले नव्वद हजार वजा जाता राहिलेल्या २,३०,००० वर हिशेब केला, तर दर शेहेचाळीस टक्क्यांच्या घरात जातो. अठरा, एकतीस आणि शेहेचाळीस हे एकाच व्यवहाराचे तीन आकडे. त्यांतला सर्वांत लहान तेवढा त्याला सांगितला गेला.

सोळा हप्ते त्याने वेळेवर भरले. मग गाडीचे गिअरबॉक्सचे काम निघाले. गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी, उत्पन्न बंद आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर. दोन हप्ते चुकले. एका पहाटे गाडी दारातून नाहीशी झाली. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. विक्रेत्याने दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवली होती. आठवड्याभरात ती गाडी, त्याच्याच पैशांनी दुरुस्त झालेल्या गिअरबॉक्ससह, त्याच मैदानावर विक्रीला उभी होती. तोवर त्याने भरले होते २,९८,८०० रुपये. रोखीच्या किमतीला अवघे २१,२०० कमी.

"सर, चूक माझीच, हप्ता मीच चुकवला," असे तो म्हणाला. आम्हांला सर्वांत अस्वस्थ केले ते या वाक्याने.

कारण चूक त्याची असो वा नसो, या व्यवहाराची रचनाच अशी आहे, की ग्राहकाने हप्ता चुकवणे हे विक्रेत्याचे नुकसान ठरत नाही. बँक कर्ज देताना ऋणकोची ऐपत पाहते, कारण तो बुडाला तर बँकेचे पैसे बुडतात. गाडी विकणारा निराळा आणि पैसे देणारा निराळा असला, तर पैसे देणारा गाडीचीही तपासणी करतो. सदोष गाडी तारण म्हणून त्याला नको असते. येथे दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आहेत. ग्राहकाने सगळे हप्ते भरले तर व्याज मिळते. मध्येच थांबला तर भरलेले पैसे राहतात आणि गाडीही परत येते. गाडी बिघडली तरी तोटा ग्राहकाचाच. मग ऐपत कशाला तपासायची आणि गिअरबॉक्स तरी कशाला पाहायचा? 'सिबिलची अट नाही' या औदार्याचा उगम बव्हंशी येथे आहे. अमेरिकेत हा धंदा 'बाय हिअर, पे हिअर' या नावाने मोठा झाला. तीच गाडी विकायची, परत आणायची, पुन्हा विकायची, हा क्रम तेथेही चालत आला आहे, आणि हप्ता चुकताच इंजिन सुरू होऊ न देणारे यंत्रही तेथील गाड्यांत बसवले गेले. आमच्याकडे ते काम दुसरी किल्ली करते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बँकेने दार लावलेल्याला हा विक्रेता निदान गाडी तरी देतो. तो नसता तर विद्यार्थ्याला सोळा महिन्यांचा रोजगारही मिळाला नसता. आम्ही हे नाकारत नाही. किंबहुना कमी पतीच्या माणसाला कर्ज देणे हाच मुळात गुन्हा आहे, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दक्षिणेत आर. त्यागराजन यांनी १९७४ मध्ये श्रीराम समूह सुरू केला. या समूहाने जुने ट्रक घेऊ पाहणाऱ्या, बँकेच्या लेखी पत नसलेल्या चालकांना कर्जे दिली आणि त्यातून देशातील एक मोठी वित्तसंस्था उभी राहिली. ज्यांचा पूर्वेतिहास कागदावर नाही त्यांना कर्ज देणे लोक समजतात तितके धोक्याचे नसते, ही त्यागराजन यांची धारणा होती. त्या कर्जांचे व्याजही बँकेपेक्षा जास्तच असे. पण तेथे कर्ज देणाऱ्याचा नफा चालकाने ट्रक चालवत राहण्यावर, म्हणजे त्याच्या टिकण्यावर अवलंबून होता. आमच्या मैदानावरच्या व्यवहारात नेमका हाच धागा तुटलेला आहे.

कायदा काय करतो? १९७२ साली संसदेने भाडे-खरेदी अधिनियम संमत केला होता. किमतीचा ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर न्यायालयात गेल्याशिवाय मालकाला वस्तू परत घेता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. हा कायदा प्रत्यक्ष अमलात कधी आलाच नाही आणि २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. तेहतीस वर्षे एक शहाणपणाचा कायदा पुस्तकात पडून राहिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या प्रथेची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. पण २०२० च्या एका निकालात भाडे-खरेदीच्या करारात सर्व हप्ते फिटेपर्यंत पैसे देणाराच वाहनाचा मालक असतो, हेही स्पष्ट केले. नोंदणीकृत वित्तसंस्थांवर निदान रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता आहे : ताबा घेण्यापूर्वी सूचना, विकण्यापूर्वी अखेरची संधी, या गोष्टी करारात लिहाव्या लागतात. ती संहिताही नेहमी पुरेशी पडत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबागला ट्रॅक्टर ओढून नेताना त्याखाली सापडून शेतकऱ्याची गरोदर मुलगी मरण पावली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला संबंधित कंपनीच्या बाहेरच्या वसुली एजंटांवर बंदी घालावी लागली.

मैदानावरचा विक्रेता मात्र या संहितेच्याही बाहेर आहे. सावकारांसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना, व्याजाची कमाल मर्यादा आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज न घेण्याचा जुना दामदुपटीचा नियम त्यात आहे. पण आपण कर्ज देतच नाही, फक्त उधारीवर गाडी विकतो, असे विक्रेता म्हणतो. विद्यार्थ्याच्या कागदांत 'कर्ज' हा शब्दच नव्हता. होते ते सह्या केलेले कोरे धनादेश आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचा एक करार. आर. सी. बुक मूळ मालकाच्याच नावावर होते. आपल्या नावावर गाडी कधी नव्हतीच, हे त्याला ती गेल्यावर कळले. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याने गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे कळेल, हप्त्याचा हिशेब कळणार नाही.

हे सगळे आम्हांला नवे वाटू नये. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि उठावाचे लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे सिन्नरच्या शेजारी, पोचले. त्या शेतकऱ्यांचा रोख कागदांवर होता, कारण न वाचता अंगठा उठवलेल्या कागदाने जमिनी जात होत्या. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि सावकाराला पावती व हिशेब देणे भाग पाडले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अक्षरशून्यतेला शेतकऱ्याच्या नागवणुकीचे मूळ मानले ते याच काळात. आज सही करणारा पदवीधर आहे. आम्हीच त्याला पदवी दिली. आमच्या अभ्यासक्रमात त्याने शैलीविज्ञान आणि काव्यशास्त्र शिकले. दीड टक्का महिना म्हणजे काय आणि करारातल्या कर्तरी-कर्मणी प्रयोगांत जबाबदारी कोणावर टाकली आहे, हे वाचायला आम्ही त्याला शिकवले नाही. हा दोष आमचा आम्ही मान्य करतो.

आमची मागणी मोठी नाही. हप्त्याने गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो त्याला कर्ज म्हणो वा न म्हणो, रोखीची किंमत, हप्त्याची एकूण किंमत आणि उरत्या मुद्दलावरचा खरा वार्षिक दर एका पानावर मराठीत लिहून द्यावा. आर. सी. बुकावर घेणाऱ्याचे नाव आणि विक्रेत्याचा बोजा, दोन्ही चढावेत. निम्म्याहून अधिक रक्कम भरली असेल तर लेखी सूचना आणि पुरेशी मुदत दिल्याशिवाय गाडी उचलू नये. उचलून विकलीच, तर येणे वळते करून उरलेली रक्कम परत द्यावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यामुळे ग्राहक बुडण्यातला नफा संपतो. आणि ज्यांच्या नावातच 'पत' आहे त्या आमच्या पतसंस्थांनी सभासदाला ओळखून जुन्या वाहनासाठी कर्ज देण्याचे आपले मूळ काम पुन्हा हाती घ्यावे.

विद्यार्थी सध्या मुसळगावला एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, की मैदानावरून जाताना गाडी दिसली नाही, विकली गेली असावी. कोणीतरी नवा माणूस आता तिचे हप्ते भरत असेल. दुसरी किल्ली कोठे आहे, हे त्याला कोणी सांगितले असेल असे आम्हांला वाटत नाही.