हरळी आणि आमची पाटी

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. चहा-वेफर्स होईपर्यंत सगळं शांत होतं. मग विषय निघाला तो लॉनचा आणि अर्धा तास आवाज चढलेले! एक गट म्हणाला, प्लॅस्टिकचं गवत टाका, कटकट मिटेल. दुसरा म्हणाला, पेव्हर ब्लॉक बसवा, चार गाड्या लागतील. मी तिसऱ्या गटात होतो. या गटात मी एकटाच होतो हे जाताजाता सांगून टाकतो. :)

एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरगावच्या नातेवाईकांसाठी सांगतो. वसई पूर्वेला आमच्या दोन बिल्डिंगांच्या मधे एक हिरवा तुकडा आहे. हिरवा म्हणजे, होता. गेटकडून शॉर्टकट मारणाऱ्यांनी एक पायवाट पाडली, मधोमध मुलांचं पीच, झोपाळ्याखाली खड्डा आणि बदामाखाली नुसती माती. दर दोन वर्षांनी कमिटी कोरियन लॉनचे तुकडे आणायची, अंथरायची, पाणी घालायची आणि दोरी बांधायची. दोरी सुटली की चार महिन्यांत टक्कल परत.

एके वर्षी सेक्रेटरी मी होतो. कायमचा उपाय म्हणून मी पाटी लावली : 'हिरवळीवर खेळण्यास सक्त मनाई आहे.' पैसे वाचले, गवत टिकलं, लोकांनी शाबासकीही दिली.

आमचे अण्णा रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. गुडघ्यांमुळे जिने उतरणं बंद झालंय. पाटी लागल्यानंतर आठवडाभराने ते म्हणाले, "अरे, हल्ली पोरं दिसत नाहीत. परीक्षा आहेत का?" मी म्हटलं, "नाही अण्णा, लॉन लावलंय ना." त्यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून खुर्ची गॅलरीतून आत टीव्हीपुढे आली. मुलं गेटबाहेर रस्त्यावर खेळायला लागली होती, रिक्षा आली की स्टंप उचलायचे. हे सगळं मी केलं होतं, एका पाटीने.

तेव्हापासून माझं मत बदललं. माणसांच्या पायांना शोभेल असं गवत निवडायचं असतं, गवताला शोभतील असे पाय शोधायचे नसतात.

कोरियन गवत दिसायला मखमल, पण वाढ फार सावकाश. एकदा तुडवलं की भरून यायला महिने लागतात. याउलट आपली हरळी! म्हणजेच दूर्वा, आणि इंग्रजीत हिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. जमिनीवरून धावणारे फुटवे आणि जमिनीखालच्या काड्या, दोन्हीकडून ती पसरते. वर कितीही तुडवा, खालून परत येते. म्हणूनच आपल्याकडच्या क्रिकेटच्या मैदानांवर तीच असते. वसईच्या उन्हाला आणि थोड्याफार खारट पाण्यालाही ती दबत नाही.

हे अण्णांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "आयुष्यभर शेतातनं हरळी उपटली रे, आणि तुम्ही आता पैसे देऊन लावताय?"

तर गेल्या वर्षी, परत कमिटीत आल्यावर, कशीबशी परवानगी काढून अर्ध्या भागात प्रयोग केला. खरा रोग गवतात नव्हता, मातीत होता. पायांनी दाबून ती इतकी घट्ट झाली होती की पाणी आत मुरतच नव्हतं. माळ्याने आधी पहारीने ती मोकळी केली, शेणखत आणि वाळू मिसळली. जूनच्या पहिल्या सरींनंतर हरळीच्या काड्या चार-चार बोटांवर ओळीने खोचल्या. आपल्याकडच्या मुसळधार पावसात बी वाहून जातं, म्हणून काड्या. दुसऱ्या अर्ध्या भागात पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, बी टाकलं. हे बी फार बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेकायचं, वर मातीचा नुसता हात फिरवायचा आणि उगवेपर्यंत ओल मोडू द्यायची नाही. एक अर्धा बंद तेव्हा दुसरा खेळायला खुला. पाटी मी स्वतः काढली.

सगळं जमलं असं नाही. बदामाखाली हरळी आलीच नाही, तिला भरपूर ऊन लागतं. तिथे आता बाकडं टाकलंय. पीचवर पुन्हा विरळ झालीय, आणि सभेतला वाद त्यावरूनच. "बघा, परत टक्कल!" असं खजिनदार म्हणाले. अहो, विम्बल्डनचं उदाहरण घ्या. २००१ पासून तिथे मुद्दाम जास्त टिकाऊ, निव्वळ रायग्रास लावतात. तरी दोन आठवड्यांत बेसलाइनवर माती दिसते आणि दरवर्षी नव्याने पेरावं लागतं. टक्कल पडणं म्हणजे कोणीतरी तिथे खेळलं. वर्षातून एकदा पेरणं हा मेंटेनन्सच आहे, जसा लिफ्टचा असतो.

प्लॅस्टिकचं गवत एप्रिलच्या उन्हात इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवून दाखवा. आणि पेव्हर ब्लॉकने पाणी मुरायची जागा आणखी कमी होईल. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली होतं, ते इतक्यात विसरलो का आपण?

असो. सभेत निर्णय झाला नाही, पुढच्या महिन्यात मतदान आहे. हरलो तर हरलो. पण गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी विकत न आणता खाली जाऊन खुडून आणली, आणि अण्णांची खुर्ची परत गॅलरीत आलीय. काल तिथूनच ओरडले, "अरे, तो आउट होता!"

तुमच्या सोसायटीत काय करतात? जरूर कळवा. मतदानाच्या आधी कळवलंत तर फारच बरं!