घोडा विकत की भाड्याने?

लग्नात नवरदेवाला घोडा लागतो, म्हणून कुणी दारात तबेला बांधीत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने वडीगोद्रीकडे ऊस वाढवला. पुरुषभर उंच उसात फवारणीला माणूस शिरत नाही. ड्रोन वरून करतो. साखर कारखान्याला वाटेल, स्वतःचाच घ्यावा. पण ड्रोनमागे परवानाधारक चालक, बॅटऱ्या, विमा, दुरुस्ती अशी वरात येते. आणि फवारणी सरली की सारे बिऱ्हाड बसून खाते!

२०२३ साली केंद्राने १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ८० टक्के, पण ८ लाखांपर्यंतच, भार सरकारचा. अशा गटांना एकराच्या दराने काम द्यावे. घोडा त्यांचा, हौस आपली! मात्र पैसे वेळेवर द्यावेत. भाड्याचा घोडाही उपाशीपोटी धावत नाही.