जुन्या गाडीचे पिवळे हेडलाइट आणि रील्समधला 'पांढरा उजेड': नक्की काय करायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या पुनर्नोंदणीचं शुल्क वाढवलं. कारसाठी ते १०,००० रुपये झालं. १५ वर्षं पूर्ण झालेल्या कारसाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये लागतातच, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. या बातमीवर सोशल मीडियावर भरपूर आरडाओरडा झाला. पण त्यातला साधा अर्थ फारसा कुणी बोललं नाही: दिल्ली परिसर सोडला तर बहुतेक ठिकाणी जुनी कार तपासणी करून, पैसे भरून पुढे चालवता येते. म्हणजे २००८-१० सालच्या भरपूर गाड्या अजून काही वर्षं आपल्या रस्त्यांवर असणार आहेत.

आता रात्री पार्किंगमध्ये एक चक्कर मारा आणि या गाड्यांचे हेडलाइट बघा. पिवळट, धुरकट, मोतीबिंदू झाल्यासारखे. मालक म्हणतो, 'उजेडच पडत नाही.' मग तो मोबाईल उघडतो, 'हेडलाइट अपग्रेड' शोधतो आणि रील्सचा पूर सुरू होतो. कुणी टूथपेस्ट घासतंय, कुणी डास मारायचा स्प्रे फवारतंय, कुणी चकचकीत एलईडी बल्ब बसवून 'भावा, दिवस उगवला!' म्हणतंय.

गेल्या काही महिन्यांत मी असे शेकडो व्हिडिओ बघितले. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या गाडीचा बहुतेक वेळा बल्ब दोषी नसतो, त्याच्या पुढचं प्लास्टिक दोषी असतं. ते साफ न करता जास्त ताकदीचा दिवा बसवणं म्हणजे आपली अडचण समोरच्याच्या डोळ्यांत ढकलणं.

हेडलाइट पिवळे का पडतात?

अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या हेडलाइटला काच असायची. काच पिवळी पडत नाही. आजच्या गाड्यांना असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक मजबूत प्लास्टिक. ते हलकं असतं, दगड लागला तर सहज फुटत नाही आणि हव्या त्या आकारात घडवता येतं. अडचण एकच: सूर्यातल्या अतिनील किरणांनी ते खराब होतं. म्हणून कंपनी त्यावर संरक्षक थर देते. ऊन, धूळ आणि वाळूचे कण या थराला हळूहळू खाऊन टाकतात. थर गेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि त्यावर बारीक चिरा येतात.

यात दोन नुकसानं होतात. एक, उजेड कमी बाहेर पडतो. दोन, जो बाहेर पडतो तो सरळ न जाता इकडेतिकडे विखुरतो. त्यामुळे तुम्हाला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याला मात्र झगमगाट दिसतो.

किती फरक पडतो? अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या सेदान गाड्यांचे हेडलाइट प्रयोगशाळेत तपासले. खराब झालेले दिवे नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के उजेड देत होते. घासून-पॉलिश केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला. बाहेरच्या कंपन्यांचे नवीन हेडलाइट बसवल्यावर ८३ ते ९० टक्के आणि मूळ कंपनीचे बसवल्यावर १०० टक्के. म्हणजे बल्बला हात न लावता उजेड तिपटीहून जास्त होऊ शकतो!

टूथपेस्ट चालते का?

चालते, पण थोडेच दिवस. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरचा पिवळा पापुद्रा थोडा निघतो आणि व्हिडिओत फरक दिसतो. पण नवीन संरक्षक थर काही येत नाही. उरलासुरला जुना थरही निघतो आणि काही आठवड्यांत दिवा पुन्हा धुरकट होतो. तोपर्यंत रीलवाल्याचे व्ह्यूज जमा झालेले असतात.

डासांच्या स्प्रेचं प्रकरण आणखी वाईट. डास पळवणाऱ्या काही औषधांत डीट नावाचं रसायन असतं. ते प्लास्टिकचा वरचा भाग चक्क विरघळवतं. म्हणून क्षणभर चकाकी येते. पुढे तिथेच चिरा पडतात.

नीट काम असं होतं: दिवा धुवायचा, आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावायची, मग पाणी मारत मारत पॉलिश पेपरने घासायचं. आधी ८०० किंवा १०००, मग १५००, २००० आणि ३००० नंबरचा. त्यानंतर पॉलिश आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट. ही शेवटची पायरी सोडली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. गॅरेजमध्ये काम देत असाल तर एकच प्रश्न विचारा: 'पॉलिशनंतर यूव्ही कोट मारणार का?' उत्तर 'त्याची काय गरज?' असं आलं तर दुसरं गॅरेज बघा.

दिव्याच्या आत पाणी शिरलं असेल किंवा मागचा चांदीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. तिथे पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

मग एलईडी का नको?

कंपनीनेच एलईडी दिलेल्या गाडीबद्दल मी बोलत नाहीये. प्रश्न आहे हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात बाहेरचा एलईडी बल्ब खोचण्याचा.

हॅलोजन बल्बमध्ये काही मिलिमीटर लांबीची एक तार असते. मागच्या रिफ्लेक्टरची प्रत्येक वळणं त्या तारेची जागा आणि आकार धरून आखलेली असतात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक हाय बीमची आणि एक लो बीमची. लो बीमच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते. नको तिकडे जाणारा उजेड ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत तो जात नाही.

एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप्स असतात. जागा जराशी इकडेतिकडे झाली तरी रिफ्लेक्टरचं सगळं गणित बिघडतं. उजेड गाडीच्या पुढ्यात सांडतो आणि वरही उडतो. पुढची दहा-पंधरा फूट जमीन लख्ख दिसते म्हणून चालकाला वाटतं, वा! पण पुढ्यातल्या त्या लखलखाटाने बुबुळं आकुंचन पावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं.

ऊस हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री गाडी चालवली असेल तर हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाने भरलेली ट्रॉली अंधारातून अचानक समोर येते. तिथे पुढ्यातला लखलखाट कामाचा नाही, लांबवर नीट पडणारा उजेड हवा.

आणि समोरून येणाऱ्याचं काय? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. डोळे दिपून सावरायला दोन सेकंद लागले असं धरा. तेवढ्यात बाईकवाला ४४ मीटर आंधळाच चाललेला असतो. कडेने चालणारा माणूस त्याला दिसतच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हे सगळे दिव्यांमुळे गेले असं अजिबात नाही. पण संध्याकाळी ६ ते रात्री ९ ही वेळ सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं सर्वाधिक अपघातांची म्हणून दिसते, आणि नेमकी हीच हेडलाइट लावायची वेळ आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ याबद्दलच आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला हवा. म्हणजे कायदा 'एलईडी की हॅलोजन' एवढंच विचारत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात का तेही विचारतो. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

'पण परदेशात तर चालतं ना?' हा प्रश्न हमखास येतो. जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, हे खरं. पण ती सरसकट नव्हती. ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटमध्ये तपासून मॉडेलनिहाय यादी केली गेली. यादीत गाडी नसेल तर बल्ब बेकायदाच. बाजारातल्या खोक्यावर 'प्लग अँड प्ले' छापलेलं असणं म्हणजे अशी परवानगी नव्हे.

जास्त वॅटचा हॅलोजन?

मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानात १००/९० वॅटचाही मिळतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर खेचतो, तर १०० वॅटचा ८ अँपिअरच्या वर. जुनी वायरिंग आणि स्विच याला तयार नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो.

त्यापेक्षा वायरिंग तपासा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत गंजलेलं अर्थिंग आणि सैल जोड हेच करतात. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग साफ करून घ्या आणि बल्बपर्यंत किती व्होल्टेज पोहोचतं ते मोजा. फारच कमी असेल तर रिले लावून बॅटरीपासून थेट वीज द्यायला सांगा.

मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे

'आधी-नंतर' व्हिडिओंवर मी विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं कारण तुमच्या हातातच आहे. फोनचा कॅमेरा ऑटो मोडमध्ये प्रत्येक दृश्याचा उजेड स्वतः ठरवतो. अंधार असेल तर वाढवतो, झगझगीत असेल तर कमी करतो. 'आधी'ची फ्रेम जरा दाबली आणि 'नंतर'ची जरा वाढवली की झाला चमत्कार. बल्ब बदलायचीही गरज नाही!

तुम्ही प्रामाणिक तुलना करू शकता. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. फोन स्टँडवर ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १/१५ आणि व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्के करा. आयफोनमध्ये भिंतीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. पण ते लॉक फक्त त्या वेळेपुरतं असतं, म्हणून आयफोनवर एक दिवा साफ करून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्ही एकाच फ्रेममध्ये घ्या. प्रो मोड असेल तर काम झाल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंगने पुन्हा फोटो काढा. आता जो फरक दिसेल तो खरा.

त्याच भिंतीवर झोताची उंचीही तपासा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा आणि लेव्हलचं बटण शून्यावर आणा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. अनेक गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली १ टक्का, १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. १ टक्का म्हणजे ५ मीटरवर लो बीमची वरची कड त्या खुणेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली हवी. जास्त वर असेल तर तुम्ही रोज कुणाला तरी दिपवताय. फार खाली असेल तर उजेड असूनही तुम्हाला लांबचं दिसत नाही. दिव्याच्या मागच्या स्क्रूने हे जुळवता येतं, मेकॅनिकला दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

थोडक्यात क्रम

आधी लेन्स साफ करून यूव्ही कोट. मग अर्थिंग आणि वायरिंग. मग मूळ वॅटचे, नावाजलेल्या कंपनीचे नवीन हॅलोजन बल्ब, दोन्ही बाजूंना एकदमच. शेवटी भिंतीवर झोत जुळवणं. एवढं करूनही भागलं नाही तर मूळ कंपनीचा पूर्ण दिवा. हे सगळं करून झाल्यावर अपग्रेडची गरज बहुतेकांना उरत नाही.

घरची गाडी बाबा किंवा काका चालवत असतील आणि 'आता रात्री नीट दिसत नाही' म्हणत असतील, तर डोळे तपासून घ्याच. वयानुसार दिपण्याचा त्रासही वाढतो. पण पुढच्या रविवारी एक बादली पाणी आणि फडकं घेऊन हेडलाइटजवळ जा. धुतल्यावरही दिवा पिवळाच दिसला, तर कामाची सुरुवात कुठून करायची ते तुम्हाला कळलेलं असेल.