मोटारसायकलचा पुढला दिवा

पावसाळा सरून संध्याकाळ लवकर पडू लागली, की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गेल्या रविवारीही तो आला. दुसऱ्या पाळीला कामावर जाणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपली स्प्लेंडर आवारात उभी करून म्हणाला, "फादर, लाइट अगदी मिणमिणता झालाय. तुम्ही मागं तो पांढरा बल्ब बसवला होता, तोच आणू काय?" त्यास आम्ही दोन दिवस थांबावयास सांगितले. कारण "तोच आण" असे उत्तर आम्ही पूर्वी एकास देऊन चुकलो आहो, आणि त्याची रुखरुख आम्हांस अजून आहे. म्हणून या आठवड्याची ही जागा त्या बल्बाकडे.

ज्यांच्या गाड्या अलीकडच्या असून ज्यांत एलईडीचा दिवा कारखान्यातूनच बसून आला आहे, त्यांच्या दिव्यात बहुधा बदलावयास बल्बच नसतो. त्या वाचकांनी पुढील मजकूर शेजाऱ्याच्या गाडीसाठी वाचावा.

आमची गाडी जुनी बुलेट. दोन वर्षांपूर्वी जांबोटीच्या बाजूस एका आजारी माणसाकडे आम्हांस वरचेवर रात्री जावे लागे. चोर्ल्याच्या घाटाकडे जाणारा तो रस्ता ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तेथील अंधाराचे वर्णन सांगावयास नको. बाजारात एका दुकानदाराने आम्हांस एलईडीचा बल्ब दाखविला व म्हणाला, "हा टाका फादर, रात्रीचा दिवस होईल." झालाही. रस्त्याकडेच्या झाडांची पाने मोजावीत असा उजेड पडला आणि आम्ही मनोमन संतुष्ट झालो. आठवड्याच्या आतच एका वळणावर समोरून सायकलला दुधाचे कॅन अडकवून एक वृद्ध गृहस्थ येत होते. आम्ही वेग कमी केला होता, दिवा डिपरवर होता. तरी ते एकाएकी डावीकडे सरकले आणि सायकलसुद्धा चरात गेले. दूध सांडले, गुडघा फुटला. आम्ही धावत जाऊन त्यांस उठविले. ते रागावले असते तर आम्हांस बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "काय दिसलंच नाही बघा. वाटलं, ट्रक आला."

दिवा डिपरवर असता असे का व्हावे, हे आम्हांस कळेना. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही गाडी आवाराच्या भिंतीसमोर उभी केली. जुना हॅलोजन बल्ब लावून पाहिला, तो भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट उमटली. तिच्या खाली प्रकाश, वर अंधार. मग नवा पांढरा लावला. कड नाहीशी झाली आणि उजेड भिंतीवरून थेट कौलांपर्यंत पसरला. म्हणजे जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा, त्यातला बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत जात होता, आणि आम्ही त्यासच "दिवस" म्हणत होतो.

याचे कारण बल्बाच्या पोटात आहे. आमच्या गाडीस लागणारा एच-४ जातीचा बल्ब १९७१ पासून चालत आलेला आहे. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची व एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. तारेचा जो प्रकाश परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर उसळला असता, तो ही वाटी अडविते. परावर्तकाची गोलाई तारेची ती नेमकी जागा धरून घडविलेली असते. तार मिलिमीटरभर हलली तरी रस्त्यावरचे चित्र बिघडते. आता एलईडीच्या बल्बात तार नसून दोन बाजूंस चिकटविलेल्या चपट्या चकत्या असतात. चांगल्या बनावटीत त्या तारेच्या जागेशी पुष्कळ जुळविलेल्या असतात. स्वस्त मालात त्या जाड आणि जागा सोडून असतात, व वाटी असली तरी नावापुरती. उजेड अधिक निघतो हे खरे, पण तो परावर्तकाचे ऐकत नाही.

तथापि एलईडीवर आमचा सरसकट राग नाही. ती वीज थोडी खाते, आणि पूर्ण दिवाच तिच्यासाठी घडविलेला असेल तर ती उत्तम. जर्मनीत २०२० पासून काही ठराविक बनावटीचे असे बल्ब ठराविक वाहनांपुरते मान्य होऊ लागले, ते प्रत्येक दिव्यात तपासून पाहिल्यानंतरच. आपल्या बाजारातील खोक्यावर अशी तपासणी कोठे लिहिलेली असते? शिवाय तिच्या मागील बाजूस पंखा असतो, त्यामुळे दिव्यामागचे रबर नीट बसत नाही आणि आपल्याकडच्या पावसाचे पाणी आत शिरते. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरील दमट वाफ उडून जाते. एलईडीची उष्णता मागे जाते, म्हणून तीच वाफ आत तशीच राहते. आणखी एक गोष्ट. कित्येक जुन्या लहान गाड्यांत पुढल्या दिव्यास वीज बॅटरीतून न येता थेट मॅग्नेटोतून उलटसुलट प्रवाहाने येते. गाडी रेटली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, तो यामुळेच. अशा गाडीत साधी एलईडी फडफडते.

आता हॅलोजनकडे वळू. आमच्या तरुण मित्राच्या स्प्लेंडरला लागतो तो एचएस-१, ३५/३५ वॅटचा; बुलेटला लागतो तो एच-४, ६०/५५ वॅटचा. ठरलेल्या १३.२ व्होल्ट दाबाखाली पहिला अप्परला सुमारे ८२५ व डिपरला सुमारे ५२५ ल्यूमेन प्रकाश देतो. दुसरा सुमारे १६५० व १०००. दोहोंत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे, आणि हे आकडे ऐकताच लहान गाडीत मोठा बल्ब बसविण्याचा मोह होतो. दोघांच्या बैठकीच्या पाकळ्या मुद्दाम निराळ्या ठेवल्या आहेत; तरी त्या कापून एच-४ आत ढकलणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. लहान गाडीचा मॅग्नेटो तेवढी वीज पुरवू शकत नाही. मग बॅटरी बसते आणि दिवा पूर्वीहून मंद होतो.

तसाच दुसरा मोह १००/९० वॅटचा. साधे गणित करून पाहावे. १२ व्होल्टवर ६० वॅटच्या तारेतून ५ अँपिअर प्रवाह जातो, १०० वॅटच्या तारेतून ८ हून अधिक. वायरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे येथे ती पावणेतीनपटीच्या घरात जाते. होल्डर करपतो, हँडलवरील बटण वितळते, परावर्तकाचा मुलामा काळवंडतो. एवढे करून समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

खोक्यावर अधिक पन्नास, अधिक शंभर, अधिक दीडशे टक्के असे आकडे छापलेले बल्ब येतात. ते वॅटला तेवढेच असतात. फक्त तार बारीक व अधिक नेमकी बसविलेली, आणि आतला वायू निवडक. ती टक्केवारी एकंदर उजेडाची नसून रस्त्यावरील एखाद्या ठराविक जागी पडणाऱ्या उजेडाची असते, आणि तुलना बहुधा कायद्याने सांगितलेल्या किमान मर्यादेशी असते. सांगावयाचे ते हे, की उजेड काहीसा वाढतो खरा, पण तार जितकी तापवावी तितकी ती लवकर झिजते. प्रतिष्ठित कंपनीचा तीस-पन्नासचा बल्ब घ्यावयास आमची हरकत नाही. दीडशेवाला मात्र खडबडीत रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीस महाग पडेल. निळसर काचेच्या बल्बाविषयी तर दोनच शब्द: घेऊ नये. निळा रंग प्रकाश वाढवीत नाही. तारेतून निघालेला पिवळा व तांबडा भाग तो गाळून टाकतो, म्हणजे पैसे देऊन आपण उजेड कमी करून घेतो.

हे सर्व तपासताना आम्हांस जे सापडले, ते आधी सापडले असते तर त्या गृहस्थांचे दूध सांडले नसते. आमच्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बाच्या होल्डरवर १२.२. मधला दाब जुनी वायर, हँडलवरील बटण व गंजलेले अर्थिंग यांनी गिळला होता. तंतूच्या बल्बाचा प्रकाश दाबाबरोबर नुसता कमी होत नाही, तो कितीतरी वेगाने उतरतो. दाब शेकडा दहा उतरला तर प्रकाश शेकडा तीसच्या आसपास उतरतो. आमच्या दिव्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड वाटेतच नष्ट होत होता, आणि आम्ही दोष देत होतो बल्बास! मिस्त्रीने बॅटरीपासून जाड वायर टाकून मध्ये एक रिले बसविला, अर्थिंगचा स्क्रू घासून घट्ट केला. जुना साधा ६०/५५ पुन्हा लावला, तेव्हा त्यांनाच नवल वाटले. अर्थात हा उपाय दिवा बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा आहे; मॅग्नेटोवरच्या दिव्यास वायर व अर्थिंग साफ करणे एवढेच हाती असते.

कायदाही या बाबतीत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम असे सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्यास दिवा दिपवून टाकील असा नसावा. दीड मीटर ही उंची आमच्या मते फार विचाराने धरलेली आहे. सायकलवरील माणसाचे डोळे त्याच सुमारास येतात. त्यातही वृद्धांचे डोळे एकदा दिपले की सावरण्यास तरुणांहून अधिक वेळ घेतात, हे आम्ही त्या रात्री पाहिले.

आमच्या तरुण मित्राच्या गाडीत काय निघाले? परावर्तक ठीक, काचेवर आतून धुळीचा थर, होल्डरच्या एका पाकळीवर गंज, आणि बल्ब जुना. काच पुसली, पाकळी घासली, साधा ३५/३५ नवा लावला. बल्ब हाताळताना त्याच्या काचेस बोट लागू देऊ नये. त्वचेचे तेल तापून तेथेच काच फुटते. लागलेच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. तो तरुण जाताना म्हणाला, "पण पांढरा दिसत नाही, फादर." आम्ही त्यास रस्ता दिसतो का एवढे विचारले. दिसतो, असे त्याने काहीशा नाइलाजाने कबूल केले.

उरले दिव्याची दिशा लावणे. आवाराच्या भिंतीवर आम्ही खडूची एक रेघ ओढून ठेविली आहे आणि तिच्यापासून ५ मीटरांवर जमिनीत एक वीट पुरली आहे. टायरांत हवा पुरेशी भरून, गाडीवर स्वतः बसून, डिपरच्या उजेडाची कड दिव्याच्या मध्याहून पाच-सात सेंटिमीटर खाली येईल असा दिवा कलता करावयाचा असतो. मागे कोणी बसले की गाडीची शेपटी दबते व दिवा वर उठतो, म्हणून जे नेहमी दोघे जातात त्यांनी दोघांनी मिळूनच यावे. कोणत्याही संध्याकाळी साडेसातनंतर फाटक उघडे असते. स्क्रूड्रायव्हर मात्र आपला आणावा, आमचा कोणी तरी नेला आहे.